तुम्ही विचारलंत म्हणून: "तुम्हाला खरंच कधी वेठबिगार सापडला का?"

ऐरोली-रबाळ्याच्या कंपन्यांत मी खरेदी खात्यातल्या लोकांना ट्रेनिंग देते: पुरवठादाराकडे सक्तीची मजुरी चालत नाही ना, हे कसं तपासायचं. चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच. "मॅडम, एवढी वर्षं ऑडिट केलंत, खरंच कधी सापडला का हो वेठबिगार?" नणंदेनंही विचारून झालंय. सूर दोनच. एक, 'असलं काही आता उरलंय कुठे?' आणि दुसरा, 'तुमचं ऑडिट म्हणजे कागद रंगवणं.' दोन्हींनी डोकं फिरतं, म्हणून एकदाचं सांगून टाकते. सापडली होती. आणि मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

२०१२चा जानेवारी. एका कंपनीचं पॅकिंगचं काम भिवंडीत नव्या गोडाऊनमध्ये जाणार होतं, बांधकाम चालू होतं. विटांचा ट्रक रिकामा होत होता. विटा कुठून येतात, असं सहज विचारलं आणि परतताना अंबाडीच्या रस्त्याला गाडी वळवली. माझ्या कामात हे बसत नव्हतं, नुसतं कुतूहल.

भट्टीवर एक कातकरी जोडपं विटा थापत होतं. बाई चिखलाचा गोळा साच्यात आपटायची, वरून हात फिरवायची, साचा उचलायची. सात-आठ वर्षांची पोरगी आदल्या दिवशीच्या ओलसर विटा एकेक करून उभ्या करत पुढे सरकत होती. पोरांचं वजन कमी, म्हणून विटांमधून तीच चालतात.

बाईकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक छोटी वही होती. उचल वीस हजार, पावसाळ्यात घेतलेली. खाली दर बाजाराच्या दिवशी दिलेली खर्ची: पाचशे, पाचशे, चारशे. विटा किती थापल्या, त्याचा रकानाच नाही. दिलेलं सगळं लिहिलेलं, केलेलं काहीच नाही.

"हिशोब कधी?"

"पावसाच्या तोंडावर. शेठ सांगल तो."

"मधेच दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली तर जाल?"

ती हसली. "जाईन ना. मना कोनी धरलाय? पन उचल कोन फेडील?"

माझ्या फॉर्मवर प्रश्न होते: कामगारांची कागदपत्रं मालकाने ठेवली आहेत का? फाटकाला कुलूप असतं का? कुणी राखण करतं का? भट्टीला फाटकच नव्हतं. तरी मी रिपोर्टच्या शेवटी चार ओळी लिहिल्या. वरिष्ठांचा फोन आला. "आपण पॅकिंगचा सप्लायर तपासतोय, भिंतीचा नाही." मी ओळी काढल्या, मुख्य फॉर्मवर 'नाही'वर खूण केली, सही केली.

तेव्हाची मी म्हणेल, उचल त्यांनी राजीखुशीनं घेतली होती, कर्ज म्हणजे गुलामी नव्हे. अगं, पण वेठबिगारीचा १९७६चा कायदा तू परीक्षेसाठी पाठ केला होतास. दुसरीकडे काम करायची मोकळीक उचलीमुळे गेली, तर ती वेठबिगारीच. आणि असं कर्ज फेडायची जबाबदारीच तो कायदा रद्द करतो. दिल्लीत एशियाडसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या १९८२च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं होतं की भुकेपोटी किमान वेतनाखाली राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच. कुलूप लागतच नाही.

कळवायचं ते कुणाला, हेही ठाऊक होतं. जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी, त्याच कायद्याखालची दक्षता समिती. मी गेले नाही. कारणं तयार होती: मालक रातोरात माणसं हलवेल, पोरीचं काय होईल, माझी नोकरी. पहिली दोन खरीसुद्धा असतील. पण मला अडवलं तिसऱ्यानं. जूनमध्ये पुन्हा त्या रस्त्यानं गेले, तर भट्टीच्या जागी पाणी साचलं होतं. पुढे तिचा हिशोब काय झाला, मला माहीत नाही.

पुढे ब्रिटनचा २०१५चा कायदा आला. कंपनीची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर पुरवठा साखळीत गुलामी नसावी म्हणून काय केलं ते दरवर्षी जाहीर करायचं. तिकडच्या ग्राहकांच्या प्रश्नावल्यांचा इकडे पाऊस पडला. गंमत म्हणजे 'आम्ही काहीच केलं नाही' असं जाहीर केलं, तरी तो कायदा पाळला जातो. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसते.

आता मी करारात कलम घालायला लावते: उचल एका महिन्याच्या मजुरीपेक्षा जास्त नको, केलेल्या कामाची नोंद दर आठवड्याला मजुराच्या हातात. अभिमान होता मला या कलमाचा. मग वाड्याकडची एक बाई म्हणाली, "ताई, उचल बंद केलीत तर पावसाळ्यात चूल कशावर पेटवू? बँक देतेय का मला?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तरी कलम काढलेलं नाही.

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडच्या एका साइटवर मस्टर पाहिलं. उचलीच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'नाही', एकाच अक्षरात. एका गड्याला बाजूला घेऊन विचारलं. "मुकादम गावाकडंच देतो, लिहीत नाही आता. तुम्ही लोक बघता ना!"

तो रकाना मी रिपोर्टमध्ये रिकामा ठेवलाय. कंपनीतून दोनदा फोन येऊन गेला, मॅडम, 'हो' की 'नाही' तेवढं भरून पाठवा.