ट्रॉम्सोची दोन चित्रपटगृहे : प्रतिकृतींच्या कामाची नोंद

नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो शहरातील दोन चित्रपटगृहांच्या प्रतिकृती करण्याचे काम सध्या हाती आहे, आणि त्यांपैकी ‘फोकस’चे छत आता तयार झाले आहे.

१९७३ साली उघडलेल्या फोकसचे काँक्रीटचे पातळ छत कोपऱ्यांवर टेकलेले असून बाजूंना कमानीसारखे उचललेले आहे. खोगिराच्या आकाराचा वक्र पृष्ठभाग केवळ सरळ रेषांनी घडवता येतो, म्हणून पुठ्ठा वाकवण्याऐवजी मी तारेच्या चौकटीच्या समोरासमोरच्या बाजूंवर सारख्या अंतराने खुणा केल्या आणि त्यांवरून सुती धागा ताणून ओवत गेलो. प्रत्येक धागा सरळ असूनही छताचा बाक आपोआप उमटत जातो, हे पाहण्यात विलक्षण आनंद आहे. त्यावर टिश्यू कागद पातळ खळीने चिकटवला. आधीचा थर पूर्ण वाळल्याखेरीज पुढचा लावू नये, कारण ओला कागद आकसताना धाग्यांना ओढतो.

छत मुद्दाम सुटे ठेवले आहे. फोकसमधले चित्रपटाचे खेळ थांबल्यावर हे छत पाडले गेले नाही; ते राखून त्याखाली शहराचे नवे ग्रंथालय उभारण्यात आले आणि २००५ साली ते वाचकांसाठी खुले झाले. त्यामुळे एकाच छताखाली कधी प्रेक्षागृह, तर कधी काचेच्या भिंतींचे ग्रंथालय बसवता येईल. जुन्या चित्रपटगृहाचा याहून चांगला पुनर्वापर माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरी प्रतिकृती स्टोरगाता रस्त्यावरील ‘वर्डन्सटेआट्रेट’ची. हे चित्रपटगृह १९१६ साली सुरू झाले आणि तेथे आजही चित्रपट दाखवले जातात. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९१३ साली, नॉर्वेत चित्रपटांच्या जाहीर प्रदर्शनाचा कायदा झाला होता. त्या कायद्याने चित्रपटांची तपासणी सरकारकडे आणि खेळांचे परवाने देण्याचा अधिकार नगरपालिकांकडे आला. अनेक नगरपालिकांनी खासगी मालकांना परवाने देण्याऐवजी चित्रपटगृहे स्वतःच चालवायला घेतली, आणि तिकिटांचा नफा शहराच्या कामी येऊ लागला. नॉर्वेतील चित्रपट प्रदर्शनाचा इतिहास इतर देशांहून वेगळा होण्याचे मूळ या परवान्यात आहे, असे माझे मत आहे.

वर्डन्सटेआट्रेटच्या भिंतींवर स्वेर्रे माक यांनी १९२१ साली नॉर्वेच्या लोककथांतील प्रसंग रंगवले. प्रतिकृतीसाठी मी तोच काळ निवडला आहे, म्हणजे मूकपटांचा. त्यामुळे पडद्यापाशी वादकांसाठी जागा सोडावी लागेल. नॉर्वेतील चित्रपटगृहे २०११ साली पूर्णपणे डिजिटल झाली आणि असे करणारा तो पहिला देश ठरला; पण माझ्या प्रोजेक्टरच्या खोलीत फिल्मची रिळेच राहतील. शहरात १९९१पासून दर जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्या दिवसांतला बाहेरचा निळसर अंधार दाखवण्यासाठी खिडक्यांमागे रंगीत जिलेटिन लावून पाहणार आहे.

सध्या भित्तिचित्रांची लहान रेखाटने चालू आहेत. जलरंग कागदात पसरून बारकावे पुसट करतात, म्हणून ती गुळगुळीत कागदावर अपारदर्शक रंगांनी करायची आणि भिंती जोडण्यापूर्वीच चिकटवायची, असे ठरवले आहे.