तुम्ही विचारलंत म्हणून: 'जनुक'च का?

वर्गात, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्राच्या ओट्यावर, भेटेल तिथं एकच प्रश्न. "सर, सारे जीन म्हन्तेत, तुमीच जनुक-जनुक करता. एवढं शुद्ध कायले?" दरवेळी हसून वेळ मारून नेतो. आता एकदा लिहूनच टाकतो.

जनुक म्हणजे आईबापाचे गुण पुढच्या पिढीत नेणारा पेशीतला घटक, इंग्रजीत जीन. शुद्धतेचा सोस मला नाही. मोबाईलला मी मोबाईलच म्हणतो. पण आमच्या गावात 'जीन'ची जागा आधीच भरलेली आहे. जीन म्हणजे रेचा, कापसातली सरकी, म्हणजे बी, वेगळी काढायचा कारखाना. पत्र्याचं छप्पर, डबल रोलरची घरघर, क्विंटलभर कापसातून पस्तीसेक किलो रुई एकीकडे अन् सरकीचा ढीग दुसरीकडे. काका हंगामात तिथंच कामाला. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांवर रुई घेऊन. शिवाय घोड्याच्या पाठीवरचं फारसी जीन, जिनोआ शहरावरून आलेली जीन पँट, ज्युनिपरच्या फळावरून नाव पडलेली दारू. इंग्रजीत निदान जनुकवाल्या जीनचं स्पेलिंग वेगळं. आपल्याकडे बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कोण पाहतो?

2005 च्या उन्हाळ्यात मी अकोल्याला शेतकी शिकत होतो अन् सुट्टीत गावी आलो होतो. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळून तीन वर्षं झाली होती. 450 ग्रॅमचं पाकीट 1,600 च्या घरात. काकांच्या अंगणात पाचसहा जण बसलेले, अन् मी नवा नवा शहाणा. कोणीतरी विचारलं, यात असते तरी काय? मी ऐटीत सांगितलं, "जीन असते. वरून काही टाकाची गरज नाई, सरकीतच जीन हाये." जिवाणू, प्रथिन, अळीचं पोट, सगळं सांगितलं. काका बिडी विझवत म्हणाले, "जीनची सरकी त आपल्याइथंच पडून हाये." सगळे हसले. मीही हसलो. विनोद वाटला मला.

जूनमध्ये त्यांनी रेच्यातून सरकीचा कट्टा आणला. मी अजून गावातच होतो. ओट्यावर बसून काका सरकीला शेण-माती चोळत होते, दाणा सुटा व्हावा म्हणून. बोटांच्या फटीतून काळा गारा गळत होता. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "बीटीच हाये. गेल्या साली अर्ध्या गावानं तेच लावलं, जीनवर तेच आलं." मला तेव्हाच सांगता आलं असतं. संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरली की पुढची पिढी फुटते, चारातलं एखादं झाड जनुकाविनाच निघतं, उंची-बोंड काही एकसारखं राहत नाही. आठवड्याआधीच्या परीक्षेत मी हे लिहून आलो होतो. पण वडीलधाऱ्या माणसाला, त्यात शेतीतलं, मी काय शिकवणार? असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दुपारची एसटी गाठायची होती.

तीन एकरांत उगवणच निम्मी. उरली ती पऱ्हाटी कुठं गुडघ्याला, कुठं छातीला. दसऱ्याला आलो तेव्हा काकांनी एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत हिरवट अळी वळवळत होती. "पाय, तुयं जीन." एवढंच बोलले. पुढच्या वर्षी वावर मक्त्यानं गेलं.

तेव्हापासून मी जनुक म्हणतो. शब्दानं घात केला, ही माझी बाजू. ती मी वीस वर्षं मांडत आलो आहे.

पण दोन गोष्टी तिला टिकू देत नाहीत. एक, शब्द खोदत गेलो तर ज्यांना मी वेगळं करतोय ते लांबचे भाऊच निघाले. रेच्याचा जीन हा 'इंजिन'चा तुटका तुकडा, मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. दुसरा, जनुकाच्या अर्थाचा जीन, योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं 1909 मध्ये रुळवला, ग्रीक 'जन्म'वाल्या धातूवरून. अन् जनुक आपल्या 'जन्'वरून. तिघांचं मूळ एकच. मी ज्याला भिंत समजत होतो, ती घरातली वाटणी निघाली.

दुसरी गोष्ट काकूंनी सांगितली, मागच्या पोळ्याला, पुरणाचा घास देता देता. "त्याईले समजत नोतं असं वाटते का तुले? सारं समजत होतं. पाकिटाले पैसे कुठून आनाचे?" म्हणजे घोटाळा शब्दाचा नव्हताच? की थोडा होता? काकांना विचारायची माझी हिंमत होत नाही. अन् काकूंचं खरं असेल, तर पैशाचं न विचारता मी अंगणात व्याख्यान देत बसलो होतो, हे आणखी वाईट.

वर्गात मात्र जनुकच चालू आहे. काका आता शहात्तरचे. परवा पारावर दिसले. मला बघून लांबूनच ओरडले, "काय म्हन्ते तुयं जनुक?"