लगुना सेका अपडेट: कॉर्कस्क्रूचं कौतुक पुरे, सहा नंबरचं बोला

मंडळी, माझ्या मियाटाचा (माझदाची छोटी टू-सीटर कन्व्हर्टिबल) रिपोर्ट बरेच दिवस पेंडिंग होता, टाकतोच आता. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका रेसट्रॅकला बेस्ट लॅप १:५६ वरून १:५३.४ वर आलाय, आणि इंजिनला हातही लावलेला नाही हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न तोच येणार. गाडी तीच, एनडी२ मॉडेल, २ लिटर, १८१ हॉर्सपॉवर, साडेसात हजार आरपीएमला रेडलाइन. बदललंय ते ब्रेक फ्लुइड, पुढचे पॅड आणि टायर. पण अडीच सेकंदातला मोठा वाटा यातल्या कशाचाच नाही, तो सहा नंबरच्या वळणाचा आहे.

चेन्नईच्या रेसट्रॅकला गाडी घेऊन जाणारे पुण्याचे मित्र नेहमी विचारतात की आपल्याकडच्या ट्रॅकपेक्षा तिकडे वेगळं काय. लांबीत फार फरक नाही हो, चेन्नईचा ३.७ किलोमीटर आणि हा ३.६. पण तो जवळपास सपाट आहे आणि हा डोंगरावर चढून परत खाली येतो. मॉन्टरे आणि सलिनासच्या मध्ये, हायवे ६८ ला लागून. १९५७ ला सुरू झाला तेव्हा आजच्यापेक्षा छोटा होता, मधली आतली वळणं १९८८ ला जोडली. आता ११ वळणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून सकाळी अंधारात निघायचं, हायवे १०१ वर लसणासाठी प्रसिद्ध गिलरॉयला लसणाचा वास आला की समजायचं निम्म्याच्या पुढे आलो. पोचल्यावर बरेचदा धुकं असतं, आणि धुकं उठेपर्यंत कोणालाच ट्रॅकवर सोडत नाहीत, सगळे कॉफी पीत टायरचं प्रेशर तिसऱ्यांदा चेक करत बसतात.

कॉर्कस्क्रू म्हणजे वळण ८ आणि ८ए. डावीकडे, लगेच उजवीकडे, आणि तेवढ्यात साधारण १८ मीटर खाली, म्हणजे पाच मजल्यांहून जास्त. १९९६ च्या इंडीकार रेसमध्ये ॲलेक्स झनार्डीने शेवटच्या लॅपला ब्रायन हर्टाला जिथे आतून गाठलं ती हीच जागा, त्यामुळे ट्रॅकवर पहिल्यांदा येणारा प्रत्येकजण इथलाच व्हिडिओ घेऊन घरी जातो. वर चढताना पुढे रस्ताच दिसत नाही, नुसतं आकाश आणि झाडं, तर त्या झाडावर नजर ठेवायची आणि गाडी सोडायची. भारी वाटतं, पोटात गोळा येतो, सगळं खरं. पण भाऊ, वळण स्लो आहे! सेकंड-थर्डमध्ये सगळ्याच गाड्या रांगतात तिथे. तिथे जीव धोक्यात घालून तुम्ही मिळवणार किती, एक दशांश?

आता सहा नंबर. डावं वळण, आणि त्याच्यानंतर कॉर्कस्क्रूपर्यंत सरळ चढ, त्याला रेहाल स्ट्रेट म्हणतात, अमेरिकन रेसर बॉबी रेहालने इथली इंडीकार रेस १९८४ ते ८७ सलग चार वर्षं जिंकली म्हणून. चढावर १८१ हॉर्सपॉवरला फारसं काही कमावता येत नाही, त्यामुळे सहामधून जेवढा स्पीड घेऊन बाहेर पडाल तेवढाच वरपर्यंत जातो. गंमत म्हणजे वळणाच्या बरोब्बर आतल्या टोकाला रस्ता खचल्यासारखा खाली जातो आणि लगेच वर उठतो. गाडी तिथे दाबली जाते, टायरवर वजन येतं आणि एरवी नसते एवढी ग्रिप मिळते. पण हे कळतं तिथे पोचल्यावर, आधी नाही, आधी समोर फक्त चढ आणि बाहेरची वाळू दिसते, म्हणून सगळे जास्तीचा ब्रेक मारतात. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरने इंटरकॉमवर एवढंच सांगितलं, ब्रेक उशिरा मारू नकोस, लवकर सोड. म्हणजे थोडा आधीच पण हलका ब्रेक, खड्ड्याच्या आधी पाय पूर्ण वर, आणि गाडी दबायच्या क्षणाला ॲक्सिलरेटर आधीच उघडलेला. जीपीएस डेटात बघितलं तर सहामधला सगळ्यात कमी स्पीड ६४ वरून ६९ मैलांवर गेला, आणि चढ संपताना अजून ४ मैल जास्त दिसतात. आठचा ब्रेकिंग पॉइंट त्यामुळे थोडा मागे आणावा लागला. तरी फायदाच.

अजून एक मजा. इथे आवाजाची लिमिट आहे, बहुतेक दिवसांना ९० डेसिबल, आणि मोजणारा बूथ कुठे तर पाच आणि सहाच्या मध्ये. लिमिट ओलांडली की ब्लॅक फ्लॅग, मुकाट पिटमध्ये या. त्यामुळे मोठ्या व्ही-८ इंजिनवाले तिथे पाय उचलतात, कोणी एक्झॉस्टला बूथच्या विरुद्ध दिशेला वळवलेले पाइपचे तुकडे लावून येतं. आपली स्टॉक मियाटा शिवणयंत्रासारखी गुणगुणत फुल थ्रॉटलवर जाते! ओव्हरटेक फक्त पुढच्याने हाताने इशारा केला तरच, आणि या पट्ट्यात मला चक्क एका मस्टँगने पॉइंट-बाय, म्हणजे तो इशारा, दिला. पुढच्या स्ट्रेटला परत घेतला त्याने, ते सोडा.

ब्रेकचं थोडक्यात. दोन, आठ आणि अकराला जोरात ब्रेक लागतात. फ्लुइड मोटूल आरबीएफ ६००, ड्राय (म्हणजे नव्या, पाणी न शोषलेल्या फ्लुइडचा) बॉइलिंग पॉइंट ३१२ डिग्री सेल्सिअस, साध्या डॉट ४ ला किमान २३० लागतो, यावरून समजा. वीस मिनिटांच्या सेशनला पेडल शेवटपर्यंत कडक. आणि पॅडॉकला, म्हणजे गाड्या लावायच्या जागेत, आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गरम डिस्कला पॅड चिकटतात, गियरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

कन्व्हर्टिबलवाल्यांनी नीट वाचा. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा सीटमागचा लोखंडी बार) बहुतेक ठिकाणी कंपल्सरी, आणि वर दांड्याची टेस्ट. रोल बारपासून काचेच्या वरच्या कडेपर्यंत झाडूचा दांडा आडवा धरतात आणि हेल्मेट त्याच्या खाली पाहिजे. मी पाच फूट दहा, हेल्मेट घातलं की दांडा टेकत होता. मग सीटचं कव्हर उसवून खालचा फोम कापला, आता दांडा आणि हेल्मेटच्या मध्ये बोट जातं. घरून येताना बूड बधिर होतं पण टेस्ट पास. हेल्मेट एसए रेटिंगचंच (कार रेसिंगचं) घ्या, बाइकचं एम रेटिंगवालं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नेहमीची इन्शुरन्स पॉलिसी ट्रॅकवर बहुतेक चालत नाही, त्या दिवसापुरती वेगळी मिळते.

दुपारी आमचा सांगलीचा दोस्त त्याच्या टोयोटा जीआर८६ मधून आला, टायर हात लावून बघितला आणि म्हणाला, "भावा, बाहेरच्या कडेवर चालवतोयस की काय?" टायरच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण छापलेला असतो, झीज तिथपर्यंत यावी असा हिशोब, माझी त्याच्याही खाली उतरलेली, रबराचे गोळे त्रिकोणावर चिकटलेले. एनडी वळणात झुकते खूप, त्यात पुढचा कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) कमी. प्रेशर गार असताना २७ पीएसआय, ट्रॅकवरून आल्यावर ३३ पर्यंत जातंय, ते ठीक आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यानेच आणलेली, त्यामुळे सल्लाही ऐकून घेतला.

पुढचा कार्यक्रम: अलाइनमेंट, पुढे जेवढा कॅम्बर निघेल तेवढा. मग नऊ नंबर, रेनी कर्व्ह, उतारावरचं डावं, सहाइतकाच वेळ तिथे पडलाय असं डेटा म्हणतोय. आणि एक नंबर, स्टार्ट-फिनिशनंतरचा तो आंधळा चढ. मियाटाला तिथे पाय उचलायची गरज नाही हे डोक्याला माहितीये, उजव्या पायाला अजून नाही. एनडीला स्टॉक स्प्रिंगवर पुढे किती कॅम्बर मिळाला ते ज्यांनी केलंय त्यांनी आकडे टाका, आणि अँटी-रोल बार (वळणात झुकणं कमी करणारा) आधी की शॉक ॲब्सॉर्बर आधी तेही सांगा, मी पुढच्या महिन्यात पैसे लावणार आहे.