मुलाच्या आधी आई: सुंजाताच्या महाकाव्यातील स्त्रिया

माली साम्राज्याची स्थापना करणाऱ्या सुंजाताचे महाकाव्य तेराव्या शतकातील एका विजेत्याची गाथा म्हणून ओळखले जाते. परंतु पश्चिम आफ्रिकेतील ग्रिओ, म्हणजे पिढीजात गायक-कथेकरी, ते सांगू लागतात तेव्हा नायक जन्माला येण्याआधीच कथेची सूत्रे स्त्रियांच्या हाती गेलेली असतात. जिब्रिल तामसिर नियान यांनी गिनीतील एका ग्रिओकडून ऐकून १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले कथन मी वाचले, आणि लेकराची थोरवी आईच्या पुण्याईवर ठरते हा त्यातील विश्वास मला पानोपानी जाणवला.

या पुण्याईचे मूळ दो नावाच्या राज्यातील एका रानम्हशीत आहे. राजाने वारसाहक्क नाकारलेली त्याची बहीण म्हशीचे रूप घेऊन त्याचा मुलूख उद्ध्वस्त करते आणि अखेर आपल्याला प्रेमाने खाऊ घालणाऱ्या शिकाऱ्यांना आपल्या मरणाचे गुपित स्वतःच सांगते. म्हैस मारल्याबद्दल राजाकडून बक्षीस म्हणून त्यांनी कुबड असलेली, कुरूप सोगोलोनच निवडावी, एवढीच तिची अट असते. हीच सोगोलोन पुढे नियानीच्या राजाची राणी आणि सुंजाताची आई होते. लग्नानंतर शय्येवरचा तिचा प्रतिकार मोडण्यासाठी राजा तिला बळी देण्याची धमकी देतो आणि ती भीतीने बेशुद्ध पडते. मातृत्वाचा एवढा गौरव करणारी कथा या जबरदस्तीवरून किती सहज पुढे जाते, हे मला खटकते.

तिचा मुलगा सुंजाता सात वर्षांचा होऊनही चालत नाही. एके दिवशी सोगोलोन सासूमा नावाच्या सवतीकडे कालवणासाठी गोरखचिंचेचा थोडा पाला मागते. आपला मुलगा या वयात स्वतः पाला तोडून आणत होता, असे सासूमा तिला हिणवते. घरी परतलेली सोगोलोन संतापाच्या भरात मुलाला लाकडाने मारते. पाला हवा की अख्खे झाड, असे तो विचारतो तेव्हा अपमान धुऊन काढण्यासाठी आपल्याला मुळांसकट झाड दारात हवे, असे ती सांगते. लोखंडी कांबीच्या आधाराने तो उभा राहतो, ते झाड उपटून आणतो, आणि मग गावातील बायका पाल्यासाठी सोगोलोनच्या दारी येऊ लागतात. राजपदाची सुरुवात रणांगणावर न होता स्वयंपाकाच्या पाल्यावरून व्हावी, हे मला विलक्षण वाटते. सुंजाता या नावातही आईचे नाव सामावलेले आहे.

मात्र सासूमाची मुलगी नाना त्रिबान पुण्याईच्या या हिशेबात बसत नाही. तिचा सख्खा भाऊ राज्य वाचवण्यासाठी तिला सोसोचा राजा आणि सुंजाताचा शत्रू सुमाओरो याच्याकडे पाठवतो. तेथे ती त्याचा विश्वास मिळवते, कोंबड्याची नखी त्याला घातक आहे हे गुपित काढून घेते आणि पळून येऊन ते सावत्र भावाला, सुंजाताला, सांगते. १२३५ च्या सुमारास क्रिनाच्या लढाईत त्याच नखीचा बाण सुमाओरोला लागतो. दुष्ट सवतीच्या पोटी जन्मलेल्या, कथेत कोणाचीही आई नसलेल्या या स्त्रीच्या वाट्याला नियान यांच्या कथनात मोजकाच मजकूर येतो, आणि तरीही युद्धाचा निकाल लागतो तो तिच्यामुळेच.