तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओ टाकायच्या आधी कुणाला दाखवायचा आणि काय विचारायचं

सांगली, मिरज, तासगाव, कुठंही गेलं की व्हिडिओ करणारी चार पोरं भेटतातच आणि प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुम्ही व्हिडिओ टाकायच्या आधी लोकांना दाखवून घेता म्हणे. आम्हीपण दाखवतो, पण सगळे 'भारी झालाय' म्हणतात आणि टाकल्यावर कुणी अर्धासुद्धा बघत नाही, मग दाखवून उपयोग काय?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देत आले, आता एकदा सगळं लिहूनच काढते.

सगळ्यात आधी 'कसा वाटला?' हा प्रश्न बंद करा. आपल्याकडं कुणी कौतुकानं काही दाखवायला आणलं तर त्याला नावं ठेवायची नाहीत ही रीत आहे, आणि चांगलीच रीत आहे, पण त्यामुळं 'कसा वाटला'ला 'छान' सोडून दुसरं उत्तर येणारच नाही, समोरचा कितीही सरळ माणूस असला तरी. टेस्ट व्हिडिओ दाखवायचा तो त्या माणसाला काय समजलं, कुठं कंटाळा आला, कुठं त्याचं लक्ष उडालं हे बघायला. मत हवंय कुणाला, ते तर फुकट मिळतं.

म्हणजे काय ते सांगते. माझे व्हिडिओ द्राक्ष, बेदाणा, हळद या विषयांवरचे. बेदाण्याच्या एका व्हिडिओत डिपिंगचं द्रावण कसं करायचं ते होतं. घड रॅकवर टाकायच्या आधी या द्रावणात बुडवतात, त्यानं मण्याच्या सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. प्रमाण साधारण असं, एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाईल ओलिएट, म्हणजे आपण डिपिंग ऑइल म्हणतो ते, आणि बुडवायचं २ ते ६ मिनिटं. यंदा पहिल्यांदाच बेदाणा वाळवायची शेड टाकणाऱ्या एका आण्णांना मी तो कट, म्हणजे अजून न टाकलेला कच्चा व्हिडिओ, दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, मधे दोनदा मान डोलावली, फोन परत देताना म्हणाले, एक नंबर. तिथंच थांबले असते तर खूश होऊन घरी आले असते. मी विचारलं, "आण्णा, समजा उद्या तुमच्याकडं नवीन गडी आला आणि त्याला द्रावण करायला सांगायचंय, तर काय सांगाल?" आण्णांनी व्यवस्थित समजावून सांगितलं, बुडवायची वेळ बरोबर, क्रम बरोबर, पण पावडर १५ आणि ऑइल २५.

आता यात आण्णांचा काहीच दोष नव्हता. कट परत लावून बघितला तर आकडे बोलले जातात नेमक्या त्याच वेळी स्क्रीनवर उन्हात चमकणाऱ्या घडांचा अगदी जवळून घेतलेला शॉट होता, इतका देखणा की डोळे तिथंच जातात आणि कान बंद होतात. तो शॉट पुढं सरकवला, आकड्यांच्या जागी वजनकाटा आणि मापाचा जार घेतला, वर मोठ्या अक्षरात २५ ग्रॅम, १५ मिली लिहिलं आणि बोलणं संपल्यावरही ते तसंच थोडा वेळ राहू दिलं. मग दुसऱ्या नव्या माणसाला दाखवला, आकडे बरोबर आले. हे 'भारी झालाय'मधून जन्मात कळलं नसतं.

म्हणून टेस्ट लावायच्या आधी कागदावर एक ओळ लिहा की या कटमधून मला नेमकं काय बघायचंय. सुरुवात धरून ठेवते का, हा एक प्रश्न. प्रमाण लक्षात राहतं का, हा दुसरा. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच धड कळत नाही, आणि दोन कटांची तुलना करायची असेल तर दोघांत एकच गोष्ट वेगळी ठेवा, सुरुवातपण बदलली, म्युझिकपण बदललं, लांबीपण कमी केली असं केलं तर दुसरा आवडला म्हणजे नेमकं काय आवडलं हे कसं समजणार?

कुणाला दाखवायचा, यावर मी जरा हट्टी आहे. घरच्यांना नको, आणि व्हिडिओ करणाऱ्या मित्रांना तर अजिबात नको, कारण ते ट्रान्झिशन बघतात, कलर बघतात, माईक कुठला वापरला विचारतात. ज्याच्यासाठी केलाय त्यालाच दाखवा. डाउनी आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग ओळखण्याचा व्हिडिओ असेल तर बागायतदाराला दाखवायचा, आणि बघून झाल्यावर त्याच्यासमोर पानांचे फोटो ठेवायचे, यातली डाउनी कुठली? पानावर वरून पिवळसर तेलकट डाग आणि उलटं केलं की खाली पांढरी बुरशी ती डाउनी, आणि राखाडी-पांढरी पावडर शिंपडल्यासारखी दिसते ती भुरी. व्हिडिओ बघून फोटो ओळखता आला तर व्हिडिओ पास, नाही तर नाही, तिथं माझ्या आवडीनिवडीला जागाच राहत नाही. आणि एक, शेतीचा व्हिडिओ म्हणून फक्त पुरुषांना दाखवतात सगळे. बेदाणा निवडायला शेडवर बायकाच असतात, निवडीचा व्हिडिओ त्यांनी बघून 'हे असं करत नाहीत' म्हटलं तर ते ऐकायलाच हवं, त्यांच्याइतकं ते काम दुसऱ्या कुणाच्या हातात बसलेलं नाही.

किती जणांना दाखवायचा? वेबसाइट वापरायला सोप्या आहेत का हे तपासणाऱ्या लोकांत याकोब नील्सनचं एक म्हणणं फार प्रसिद्ध आहे, २००० साली त्यांनी लिहिलं की ५ जणांवर टेस्ट केली तरी वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात, आणि एकदम खूप जण बसवण्यापेक्षा ५ जण, मग दुरुस्ती, मग नवे ५ जण असं करा. ते वेबसाइटबद्दल आहे हे खरं, पण 'इथं समजत नाही' असल्या अडचणी शोधायला मला व्हिडिओतही तेच कामाला येतं, तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत त्याच त्या जागा परत यायला लागतात. नवे लोक मात्र हवेतच. एकदा बघितलेल्या माणसाला उत्तर माहीत असतं, तो परत कामाचा नाही.

पण 'दोनपैकी कुठला बरा' हे ५ जणांत ठरत नाही, तीन विरुद्ध दोन म्हणजे काहीच नाही. टीव्हीच्या चित्राचा दर्जा माणसांकडून मोजून घेण्यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी.५०० नावाची शिफारस आहे, त्यात किमान १५ बघणारे सांगितलेत, बसवायच्या आधी त्यांची नजर आणि रंग ओळखणं तपासायचं, आणि एक बैठक अर्ध्या तासाच्या वर न्यायची नाही कारण माणूस थकतो. आपल्याला लॅब लावायची नाहीये, पण त्यातलं शिस्तीचं जे आहे ते घ्यायला काय हरकत आहे? निम्म्या लोकांना आधी पहिला कट आणि निम्म्यांना आधी दुसरा दाखवायचा, नाहीतर कुठला आधी बघितला याचाच परिणाम होऊन बसतो.

कट किती पक्का करून दाखवायचा यावर पोरांचा फार घोळ होतो. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं नाटक उभं केलं, त्यामुळं इथल्या माणसाला रंगीत तालीम काय असते ते सांगायला नको. टेस्ट कट हा रंगीत तालमीच्या आधीच्या तालमीसारखा हवा, जिथं अजून प्रवेश हलवता येतो. अगदी चकाचक करून नेला की बघणाऱ्याला बोलायचा संकोच होतो आणि तुम्हालाही कापायला जिवावर येतं. फक्त आवाज साफ करून न्या. आवाज खराब असेल तर लोक फक्त आवाजाबद्दल बोलतात, बाकी सगळं राहून जातं. कलर, म्युझिक, टायटल नंतर.

दाखवताना त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच जागी. शेडवर, बागेच्या कडेला, ब्लोअर चालू असताना, उन्हात ब्राइटनेस पुरत नसताना, कारण तो व्हिडिओ पुढं तिथंच बघितला जाणार आहे. तुम्ही शेजारी बसा, समोर नाही, आणि आधी काहीही समजावू नका, 'हे अजून पूर्ण झालं नाही हां' एवढंसुद्धा नाही. मधे बोलायचं नाही हे सगळ्यात अवघड. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघते. अंगठा स्क्रीनकडं गेला, पुढं सरकवावंसं वाटलं, की मिनिट-सेकंद लिहून ठेवते. मागं घेऊन परत बघितलं तरी लिहिते, ते आवडलं म्हणून असेल किंवा समजलं नाही म्हणून, नंतर विचारते.

लांबच्या लोकांना पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, तो दाबला जातो आणि पानावरचा तेलकट डाग नुसता धुरकट दिसतो, मग प्रतिक्रिया काय येणार, 'क्लिअर नाही'. यूट्यूबवर अनलिस्टेड करून, म्हणजे ज्याच्याकडं लिंक आहे त्यालाच दिसेल असा ठेवून, लिंक पाठवा. लिंक पुढं फॉरवर्ड होऊ शकते हे लक्षात ठेवा. प्रायव्हेट केला तर ईमेलनं बोलावलेल्यांनाच दिसतो, पण आपल्या लोकांना लॉगिनची कटकट होते आणि निम्मे तिथंच सोडून देतात. सोबत छोटा फॉर्म, मोजकेच प्रश्न: कुठं पुढं ढकलावंसं वाटलं, काय समजलं नाही, हे बघून उद्या काय कराल, आणि हा कुणाला पाठवाल? शेवटच्या प्रश्नाला 'कुणाला नाही' आलं तर तेही खरं उत्तर समजा.

यूट्यूबचा रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती जण बघत राहिले याचा, आलेख आहेच की, असं बरेच जण म्हणतात. आहे, आणि मी रोज बघते. पण मोजक्या व्ह्यूजवर तो काही सांगत नाही, आणि जास्त व्ह्यूज आले तरी माणसं कुठं गेली एवढंच दाखवतो, का गेली ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. थंबनेलचं, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं त्या चित्राचं, मात्र यूट्यूबवरच सोडा, तिथं ३ थंबनेल एकमेकांशी लावून बघायची सोय आहे आणि निकाल नुसत्या क्लिकवर न देता बघितल्या गेलेल्या वेळेवर देतात, जे मला पटतं.

प्रतिक्रिया हातात आल्या की लोकांनी सांगितलेली अडचण घ्यायची, सांगितलेला उपाय लगेच घ्यायचा नाही. एका काकींनी 'म्युझिक काढून टाक गं' म्हटलं. दुसऱ्या एका दादांनी 'जरा सावकाश बोला' म्हटलं. दोघांनी जागा एकच दाखवली, तिथं बोललेलं ऐकू येत नव्हतं. म्युझिक तेवढ्याच भागात खाली घेतलं, वेग तसाच ठेवला, पुढच्या लोकांना तिथं काही अडलं नाही. दोघांचं शब्दशः ऐकलं असतं तर व्हिडिओ कोरडाही झाला असता आणि लांबलाही असता. एकट्याच माणसानं सांगितलेलं लगेच बदलू नका, दुसऱ्यानं न विचारता तेच दाखवलं की हात घाला. अपवाद एकच, मापं, औषधं, आकडे, तिथं एकाची जरी गफलत झाली तरी तेवढा भाग परत करायचा.

आणि व्हिडिओ आला की या लोकांना लिंक पाठवताना त्यांच्यामुळं काय बदललं ते लिहा. आण्णांना मी 'तुमच्यामुळं आकडे मोठे केले' असं कळवलं, तर पुढच्या वेळी ते स्वतःच शेजारच्या शेडवाल्याला घेऊन आले, "यांनी अजून काही बघितलं नाही, यांना दाखवा." नवीन माणसं कुठून आणायची हे विचारत होता ना, ती अशी येतात.