वीस पावलांची दोरी

“आई, माझं हॅमॉक मी तिकडे बांधणार.”

तिकडे म्हणजे माझ्या झाडांपासून वीस पावलं. त्याची वीस, माझी चौदा. मी मोजून आले.

हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायचं कापड. घरून निघताना ठरलेलं अगदी वेगळं होतं. तीन झाडं हेरायची, मधल्या झाडाला दोघांचीही डोक्याकडची टोकं बांधायची, पाय वेगवेगळ्या झाडांकडे आणि वरून एकच मोठा टार्प, म्हणजे पावसासाठीचं ताणायचं छत. हात लांब केला की लेकाच्या हॅमॉकला पोचेल, एवढंच अंतर. या मांडणीची मी दोनदा तालीमही करून आले होते. आणि आता हे नऊ वर्षांचं ध्यान कमरेवर हात ठेवून मला सांगत होतं, की ती दोन झाडं त्याला ‘आवडली’ आहेत.

मी नाही म्हणणार होते. कारणंही तयार होती: अंधार, थंडी, रात्री लागली तर. पण त्याने विचारलं, “मग मी माझी गाठ स्वतः मारायला कशाला शिकलो?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाठी मीच शिकवल्या होत्या, महिनाभर, पलंगाच्या पायाला.

तर ही पोस्ट दोन रात्री-तीन दिवसांच्या पायपिटीची आहे खरी, पण लिहायचंय ते त्या पहिल्या रात्रीबद्दल. चालण्याचं थोडक्यात उरकते. चढ होता, मग सपाटी होती, मग पुन्हा चढ. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको असं म्हणतात. हा सत्तावीस किलोचा, म्हणून त्याची सॅक मी काट्यावर साडेतीन किलोची करून दिली होती. तिसऱ्या विश्रांतीला तो कुरकुरायला लागला तेव्हा सॅक उचलून पाहिली, तर आत तीन दगड. “हे सापडले.” त्यातला सगळ्यात मोठा माझ्या सॅकमध्ये आला आणि परत घरीही आला. वाटेत भेटलेल्या दोन-चार मोठ्यांनी “एवढ्याशा पोराला कशाला दमवता” हे ऐकवलंच. त्यातल्या एकाची स्वतःची सॅक दुसराच कुणीतरी वाहत होता.

पाण्याजवळच्या सपाटीवर आधीच एक कंपू उतरला होता आणि त्यांच्या स्पीकरला संध्याकाळ होण्याचीही वाट बघवत नव्हती. आम्ही वर सरकलो. तसंही पाण्यापासून निदान साठ मीटर लांबच राहायचं असतं. पाणी घाण होत नाही, जनावरांची वाट अडत नाही, आणि थंड हवा रात्री उतरून खोलगट जागेत साचते ती आपल्या अंगावर येत नाही. ही सगळी कारणं मी लेकाला सांगितली. तो म्हणाला, “आणि गाणी पण घाण आहेत.”

हॅमॉक बांधताना आधी वर बघायचं, मग खाली, मग झाडाकडे. वर वाळकी, अडकलेली फांदी असेल तर ते झाड कितीही देखणं असलं तरी सोडून द्यायचं. त्याच्या ‘आवडलेल्या’ झाडांवर मला अशी एखादी फांदी सापडावी म्हणून मी पाच मिनिटं मान वर करून उभी होते, हे कबूल करते. सापडली नाही. खोडं चांगली मांडीएवढी, जिवंत, दोघांमधलं अंतर साडेचार मीटरच्या आसपास, खाली दगड नाहीत. पोराची नजर चांगली आहे, काय करणार.

पट्टे त्यानेच गुंडाळले. रुंद पट्टेच वापरायचे, निदान अडीच सेंटिमीटरचे, कारण बारीक दोरी सालीत रुतते आणि पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातूनच. हे त्याला इतकं पटलंय की पट्टा काढल्यावर तो दर वेळी सालीवरून हात फिरवून खात्री करतो. पण पट्टा त्याने ताणला मात्र वीणेच्या तारेसारखा. “सैल ठेवला तर मी खाली लोंबेन ना!”

लहान-मोठे सगळेच इथे चुकतात. मीही चुकले होते आणि सकाळी कंबर धरून उठले होते. म्हणून मी पाण्याची भरलेली बाटली एका दोरीच्या मधोमध टांगली, एक टोक त्याला दिलं, एक मी घेतलं. “आता ओढ. दोरी अगदी सरळ झाली पाहिजे.” त्याने ओढलं, मी ओढलं. बाटली वर वर आली, पण दोरीतला बाक काही जाईना. त्याने दात-ओठ खाऊन टाचा रोवल्या, पाय घसरला आणि धपकन बसला. दोरी जितकी सरळ करू तितका ताण वाढत जातो. पट्टे आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण झोपणाऱ्याच्या वजनाएवढाच ताण येतो. दहा अंशांवर आणलं तर जवळजवळ तिप्पट. बाटली जिंकली, पट्टे सैल झाले. त्याचं हॅमॉक मी मुद्दाम गुडघ्याच्याही खाली ठेवायला लावलं, पडला तर पडू दे म्हणून.

तिरकं झोपायचं मात्र त्याला आधीपासून माहीत होतं. हॅमॉकच्या मधल्या रेषेवर झोपलं की माणूस धनुष्यासारखा वाकतो. डोकं थोडं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला सरकवले की कापड पसरतं आणि पाठ बरीच सपाट होते. तो चढला, तिरका झाला, कापडाच्या दोन्ही कडा स्वतःवर ओढून घेतल्या आणि दिसेनासा झाला. आतून आवाज आला, “तू आता तुझं बांध.”

हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून युरोपात गेला. कोलंबसाच्या लोकांनी 1492मध्ये त्यांची ही जाळीची अंथरुणं पाहिली आणि पुढे ती जहाजांवर चढली. ब्रिटिश आरमारात एका खलाशाच्या हॅमॉकला चौदा इंच जागा मिळायची. चौदा इंच! शेजाऱ्याचा श्वास कानात. मला माझ्या पोरासोबत तेवढंच हवं होतं, आणि मला मिळाली होती वीस पावलं.

मग मी तहाचा प्रस्ताव ठेवला. टार्पसाठी आणलेल्या बारीक दोरीतली बरीच शिल्लक होती. ती त्याच्या हॅमॉकच्या वरच्या दोरीपासून माझ्या हॅमॉकच्या वरच्या दोरीपर्यंत बांधायची. अंगाला, मनगटाला अजिबात नाही. एकदा ओढलं तर ‘मी ठीक आहे’, दोनदा ओढलं तर ‘ये’. त्याने विचार करून तिसरी खूण जोडली: तीनदा म्हणजे ‘जागी आहेस का?’ आणि मला झोपेत कळावं म्हणून माझ्या टोकाला स्टीलचा मग अडकवला, शेजारी चमचा. ही कल्पना माझीच. मला तेव्हा फार हुशार वाटत होतं.

अंधार पडला. साडेआठला तीन टणटण. मी एकदा ओढलं. पुन्हा तीन. पुन्हा एकदा. असं सातव्यांदा झाल्यावर मी ओरडले, “अरे झोप आता!” खालच्या कंपूतूनही कुणीतरी “हो ताई!” असं ओरडलं आणि हसले सगळे. स्पीकर मात्र त्यानंतर बंद झाला, तेवढं श्रेय माझं.

नऊनंतर तो झोपला. मग सुरू झाला मग.

झाडं स्थिर नसतात. दिवसा कळत नाही, पण त्याच झाडाला टांगून घेऊन झोपलं की कळतं. वारा आला की खोड किंचित हलतं, दोरी ताणते, सैल होते, आणि मग वाजतो. टण. मी डोळे उघडायची. एकदा की दोनदा? टण. दोनदाच वाटतंय. झिप उघडायची, बुटात पाय घालायचे, टॉर्चचा लाल दिवा लावायचा आणि दोरीला हात लावत लावत वीस पावलं जायचं. तिथे साहेब ढाराढूर. एक हात बाहेर लोंबतोय, तोंड उघडं. हात आत घालायचा, परत यायचं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळेला माझ्या लक्षात आलं, की वारा नसतानाही मग वाजतो तेव्हा तो कूस बदलत असतो. कूस बदलली की हॅमॉक हलतं, त्याच्यासोबत दोरी. मला वीस पावलांवरून पोराची प्रत्येक कूस ऐकू येत होती. तो तान्हा असताना झोळीची दोरी हातात धरून मी अशीच पेंगायची, पण तेव्हा दोरी मी ओढायची.

चमचा काढून ठेवला असता तर झोप लागली असती. नाही काढला.

तीनच्या सुमाराला मला भयंकर थंडी वाजायला लागली. हॅमॉकमध्ये थंडी खालून येते. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या भाराने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवायला काही उरत नाही. खालून वारा मोकळा. म्हणून हॅमॉकच्या बाहेरून खाली एक रजई टांगतात, अंडरक्विल्ट. ती दबत नाही. आमच्याकडे अशा दोन होत्या. एक मी त्याच्या हॅमॉकला लावली होती. दुसरी घरी होती, कारण सातशे ग्रॅम वाचवायचे होते. (दगडाचं वजन मी नंतर केलं. सहाशे ऐंशी.) मी फोमची मॅट घातली होती, आणि ती चार वेळा चढण्या-उतरण्यात सरकून पायांकडे गोळा झाली होती. हॅमॉकच्या आत बसून आपल्याच खालून मॅट ओढणं म्हणजे आपण ज्या चादरीवर बसलोय तिची घडी घालण्यासारखं आहे. तीनदा प्रयत्न केला. एकदा अर्धी बाहेर पडले.

आणि मग मी दोरी दोनदा ओढली.

का ओढली, माहीत नाही. त्याला उठवायचं नव्हतं. त्याच्या टोकाला मगही नव्हता, नुसतं त्याचं हॅमॉक हललं असणार. पण थोड्या वेळाने तिकडे लाल दिवा लागला आणि हलत हलत माझ्याकडे यायला लागला. एका हाताने दोरी धरून, बूट उलटसुलट घालून.

“काय गं? घाबरलीस का?”

“नाही रे. थंडी वाजतेय. मॅट सरकलीय.”

त्याने दिवा माझ्या डोळ्यांवर मारला, मग खाली. “तू उतर. मी बाहेरून धरतो, मग तू चढ.” मी उतरले. त्याने मॅट सरळ केली, दोन्ही हातांनी कडा घट्ट पकडल्या, आणि मी अलगद तिरकी झोपले. मग त्याने माझा रेनकोट मॅटच्या नि कापडाच्या मधे पाठीखाली सारला. खालून दाबून पाहिलं. “इथे लागतोय वारा? आणि इथे?” हे अगदी माझ्या आवाजात. मी संध्याकाळी त्याला तसंच विचारलं होतं.

“इथेच झोपतोस का आता? मोठा टार्प आहे,” मी म्हटलं. दोघं एका हॅमॉकमध्ये मावत नाही, दोघंही मधे घसरून एकमेकांना चेपतात, हे मला माहीत होतं. तरी विचारलं.

“नको. माझं गरम आहे अजून.”

लाल दिवा वीस पावलं गेला, खाली वाकला, विझला. मग मग वाजला, एकदाच. मी एकदा ओढलं. त्यानंतर मला जी झोप लागली ती उन्हं तोंडावर येईपर्यंत.

दुसरा दिवस चालण्यात गेला. पाय दुखले, एक फोड आला, माझ्याच. दुपारी पाऊस पडेल असं वाटलं, पडला नाही. त्याने दिवसभर भेटेल त्याला सांगितलं, “रात्री आई घाबरली होती.” मी खोडून काढायचा प्रयत्न दोनदा केला, मग सोडून दिला.

दुसऱ्या रात्रीची झाडं तीस पावलांवर निघाली. दोरी पुरेना, म्हणून बुटांच्या जादा नाड्या जोडल्या. बांधून झाल्यावर त्याने माझ्या टोकाचा मग आणि चमचा सोडवला.

“आज हे माझ्याकडे. बोलवत तूच असतेस.”

त्या रात्री मी नऊला एकदा ओढलं. टण. दहाला एकदा ओढलं. टण. साडेदहाला पुन्हा ओढलं तेव्हा काहीच वाजलं नाही. पुन्हा ओढलं तर दोरी हलकी लागली. ओढत गेले तशी सगळी माझ्याकडे आली, नाड्यांसकट.

टोकाला गाठ तुटलेली नव्हती. व्यवस्थित सोडलेली होती. मग सकाळी त्याच्या बुटात सापडला, चमचा मोज्यात गुंडाळून ठेवलेला, वाजू नये म्हणून.