नागपुरात जुन्या हाय-फायच्या प्राइस लिस्ट शोधताना

जुने ॲम्प्लिफायर, टर्नटेबल जमवणारे महाराष्ट्रात बरेच आहेत. त्या यंत्रांबरोबर आलेले कागद जपणारे मात्र फार थोडे. माझा जीव त्या कागदांवर आहे: प्राइस लिस्ट, घडीची लीफलेट, कंपनीने डीलरला धाडलेली परिपत्रकं. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. पण अमुक साली एखादा स्टिरिओ नागपूरकराला किती रुपयांना पडत होता, स्पीकर सोबत मिळत की वेगळे घ्यावे लागत, हे सांगणारा कागद एकदा रद्दीत गेला की गेलाच.

नागपूर निवडलं ते विचार करून. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं, १९४८ पासून इथे आकाशवाणीचं केंद्र आहे, आणि विदर्भातल्या गावोगावचे लोक मोठ्या खरेदीसाठी इथेच येत. म्हणजे रेडिओ-रेकॉर्ड प्लेअरचा व्यापार इथे जुना, आणि व्यापाराचे कागदही इथेच पडलेले असणार.

नाशिक रोडहून रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघालो, सकाळी नागपूर. स्टेशनवरून मेट्रोने बर्डी गाठणं सोपं. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात. तर्री-पोहे जरूर खा, पण नंतर हात साबणाने धुऊनच कागदाकडे वळा. तर्रीच्या तेलाचा डाग जुन्या कागदावरून निघत नाही.

झाशी राणी चौकाच्या परिसरात जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे सुरुवात केली. सुटी लीफलेट तिथे क्वचितच दिसतात, जुने दिवाळी अंक मात्र मिळतात. अंक हातात घेतलात तर मलपृष्ठ आणि आतली रंगीत पानं आधी पाहा. मर्फी, फिलिप्स, एचएमव्ही यांच्या जाहिराती तिथे सापडतात, आणि अंकावर साल छापलेलं असल्यामुळे जाहिरातीचा काळ पक्का ठरतो. सुट्या लीफलेटवर तारीख सहसा नसते, म्हणून असा तारखेचा अंक संग्रहात ठेवावाच.

खरा माल मिळाला तो दुरुस्तीच्या दुकानांत. बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्या, मग इतवारी, मग महाल असं पायी फिरलो. महालातल्या एका वयस्कर कारागिराने विचारलं, "काय शोधून राहिले जी?" जुनी रेट लिस्ट म्हटल्यावर ते थोडे थबकले. "मशीन पाहिजे असन तर सांगा, कागद काहून पाहिजे?" कारण सांगितलं तेव्हा माळ्यावरून एक खोकं उतरवलं. आत सर्किट डायग्रामचा गठ्ठा, आणि त्याच्या घड्यांमध्ये प्राइस लिस्ट. इथे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: 'ब्रोशर आहे का' असं विचारू नका, 'सर्किटचे जुने कागद पाहू का' असं विचारा. कारागीर सर्किट कधी टाकत नाही, आणि त्याच्यासोबत बाकीचं टिकून राहतं.

ब्रोशरपेक्षा प्राइस लिस्ट दुर्मीळ असते, त्यालाही कारण आहे. ब्रोशर गुळगुळीत, चित्रांचं, म्हणून लोक ठेवत. किमती बदलत असल्यामुळे त्या वेगळ्या साध्या कागदावर छापत, आणि नवी यादी आली की जुनी केरात जाई. त्यातही छापील आकड्यावर विक्रीकर, जकात वगैरे निराळं असे. म्हणून समासात डीलरने पेन्सिलीने केलेली बेरीज मला छापील किमतीहून मोलाची वाटते. गिऱ्हाइकाने मोजलेली रक्कम तीच. मागचा दुकानाचा रबरी शिक्काही तसाच महत्त्वाचा. खोडरबर, ओला बोळा यातलं काहीही त्या कागदाला लावू नका.

काळ ठरवायच्या काही खुणा सांगतो. किंमत रुपये-आण्यांत असेल तर कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, निदान त्याच्या अगदी जवळचा. 'नये पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं 'बॉम्बे-१' असेल तर बहुधा त्याआधीचा. आवाजाची कंपनसंख्या 'सायकल्स'ऐवजी 'हर्ट्झ'मध्ये दिली असेल तर हीदेखील खूण आहे, पण ढोबळ; १९६० मध्ये नवं एकक स्वीकारलं गेलं तरी छापखान्यांत जुनं बरीच वर्षं चाललं. वॉटच्या आकड्यांना सावध राहा. एकाच ताकदीचा ॲम्प्लिफायर आरएमएसमध्ये (सलग मिळणारी ताकद) लहान आणि पीएमपीओमध्ये (क्षणभराची कमाल ताकद) अवाढव्य दिसतो. परदेशातून कुणी आणलेलं सान्सुई किंवा पायोनियरचं ब्रोशर मिळालं तर तेही याच नजरेने वाचा; अमेरिकेत १९७४ मध्ये वॉट मोजण्याचा नियम लागू झाला, आणि त्याआधीचे आकडे बरेच सैल असत.

पैशांचं बोलायचं तर ब्रँडचं नाव घेऊन घासाघीस करू नये. कारागिराला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, चहा घ्यावा, घाई करू नये. मूळ कागद द्यायला कुणी तयार नसेल तर आग्रह नको. दुकानाच्या दाराशी सावलीत, कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय ठेवा, म्हणजे छपाईचे ठिपके नीट उतरतात. मी काही कागद असेच फोटो काढून परत केले, आणि ते जिथे आहेत तिथेच सुखरूप राहतील अशी माझी खात्री आहे.

जे मिळेल ते जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून आणा. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या माळ्यावर राहून कागद ठिसूळ झालेला असतो. जुनी घडी उलटी मोडू नका, तिथेच तुकडा पडतो. गंजलेली स्टेपलची पिन ओढू नका, मागून पाय सरळ करून अलगद काढा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही वर्ज्य.

जायचं कधी? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गल्ल्या पालथ्या घालणं जिवावर येतं. थंडीत फिरणं सुखाचं, पण कागद जास्त मिळतात ते दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत, घरोघरी माळे साफ होतात तेव्हा. त्या दिवसांत रद्दीवाल्याकडे सकाळी लवकर पोहोचा, कारण दुपारपर्यंत वजन होऊन गठ्ठे गाडीत चढलेले असतात.